आत्याने निवडलेल्या भांगेच्या बिया

शिळफाट्यावर माझी ओळख ‘ती गांजाच्या लॅबमधली’ अशी आहे. आमच्या लॅबमध्ये हळद येते, मिरची येते, शेंगदाणे, तांदूळ, तेल असं सगळं तपासायला येतं. पण हे सांगायला लागले की समोरच्याचा चेहरा पडतो. गेल्या काही वर्षांत त्यात भांगेच्या बिया आणि औषधी कंपन्यांकडून येणारी भांगेची पानं यांची भर पडली, आणि तेवढंच लोकांनी उचललं. तळमजल्यावरच्या काकूंनी मला एकदा जिन्यात गाठून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, गुडघ्याला चोळायला ‘थोडंसं काही उरलंसुरलं’ मिळेल का, असं विचारलं होतं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. नवऱ्याचं तर रोजचंच आहे. मी घरात पाऊल टाकलं की तो म्हणतो, ‘आधी हात धू, नाहीतर आजची भाजी डोलायला लागेल.’ पहिल्या वेळी मी हसले होते. आता सहा वर्षं झाली.

साजगावच्या कारखान्यांच्या रांगेत आमची लॅब आहे. बाहेरून बघाल तर एखादं बंद पडलेलं पतपेढीचं ऑफिस वाटेल. आत मात्र थंडगार हवा, पांढरे कोट आणि दिवसभर गुरगुरणारी यंत्रं. भांगेची पानं आली की ती दोन किल्ल्यांच्या कपाटात जातात. एक किल्ली लॅब चालवणाऱ्या सरांकडे, एक माझ्याकडे. चिमूटभर काढली तरी वजन करून वहीत लिहायचं, उरलेलं परत वजन करून ठेवायचं. माझ्या लग्नातल्या दागिन्यांवर एवढा पहारा नव्हता. बियांना तसा त्रास नाही. नशा असते ती पानाफुलांच्या चिकात, बियांत नाही. बिया लोक खातात, चटणी करतात, लाडवात घालतात, आणि सरकारचीही त्याला परवानगी आहे.

आम्ही शोधतो ती नशा नव्हेच, फार तर ती आहे का एवढं बघतो. आमचा खरा शोध असतो फवारणीच्या औषधांचा आणि बुरशीच्या विषाचा. बुरशी डोळ्यांना दिसते, तिचं विष दिसत नाही. बुरशी झटकली तरी ते मागे राहतं, भाजलं तरी पुरतं जात नाही, आणि रोज थोडं थोडं पोटात गेलं तर लिव्हरची वाट लावतं. दाणे दळायचे, त्यावर रसायन ओतून खूप हलवायचे, गाळायचे, मग एका बारीक नळीतून पुन्हा गाळायचे, की त्या नळीत विष अडकून बसतं. ते सोडवून यंत्रात घातलं की पडद्यावर डोंगर उमटतात. डोंगर छोटा असला तर बरं. मोठा असला की कुणाचा तरी माल परत जातो आणि कुणीतरी फोनवर ओरडतं. ओरडणाऱ्यांना उत्तर द्यायचं काम सरांचं आहे. ते अर्धा चमचाही जास्त बोलत नाहीत.

माझं माहेर पोशीरचं. आई मी शाळेत असताना गेली आणि मला वाढवलं आत्याने. ती गावातच दिलेली, तिला मूलबाळ नाही, त्यामुळे तिचा सगळा जीव माझ्यावर आणि तिच्या सुपावर. हो, सुपावर. आत्याइतकं धान्य पाखडणारं आणि निवडणारं माणूस मी पाहिलेलं नाही. परातीत तांदूळ ओतले की तिचा उजवा हात आपोआप चालतो आणि खडा आपण होऊन बाजूला येतो. पाहुण्यांशी बोलताना, टीव्ही बघताना, एकदा तर तिच्या नणंदेशी कडाक्याचं भांडण चालू असताना ती मसूर निवडत होती, आणि भांडण संपलं तेव्हा मसूरही संपले होते. दुसऱ्याच्या घरी न निवडलेलं धान्य द्यायचं म्हणजे तिच्या दृष्टीने पाहुण्याला उष्ट्या ताटात वाढण्यासारखं.

आत्याच्या बचत गटात अकरा बायका आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आंब्याचं लोणचं घातलं होतं. बरण्या नीट सुकवल्या नव्हत्या आणि अर्ध्या लोणच्याला पांढरी बुरशी आली. गाव दोन वर्षं त्यावर हसलं. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला तरी कुणीतरी मागून ‘लोणच्याचं काय झालं?’ म्हणून ओरडायचं. आत्या वरवर हसायची, पण तिला ते फार लागलं होतं. गट मोडायला आला होता. तिने एकेकीच्या घरी जाऊन तो धरून ठेवला, ‘परत असं झालं तर मी तोंड दाखवायची नाय’ असं बोलून.

तिला पुण्याच्या एका दुकानाकडून भांगेच्या बियांच्या लाडवांची ऑर्डर मिळाली तेव्हा म्हणूनच मी धास्तावले. पौष्टिक खाण्याचं दुकान, दिवाळीचा माल, वर उत्तरेतल्या डोंगरातून पाच पोती बिया दुकानवालीनेच मिळवून दिलेल्या. लाडू करायचे आत्याच्या गटाने. दुकानवालीची अट एकच होती: लाडू करण्याआधी बियांचा लॅबचा रिपोर्ट पाहिजे. रिपोर्ट चांगला आला तर ऑर्डर पक्की, नाहीतर दुकान दुसरीकडे जाणार. गावाला अर्थातच एवढंच कळलं होतं की लोणच्यावाल्या बायका आता भांगेवर आल्या आहेत.

आत्याने फोन केला. ‘काय गं पोरी, ते तपासनं तुज्याच हातात हाय ना?’

‘माझ्या हातात असलं तरी मला नाव दिसत नाही, आत्या. नुसता नंबर दिसतो.’

‘असं कसं? मंग तुला कसं कळनार माजं हाय ते?’

‘कळूच नये म्हणून तर नंबर देतात.’

‘बरं बरं,’ आत्या म्हणाली. ज्या सुरात ती बरं बरं म्हणाली, त्यात तिने माझं काहीही ऐकलं नव्हतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चार दिवसांनी माझ्या टेबलावर एक नमुना आला. पिशवीवर फक्त नंबर. मी पिशवी उघडून बिया ताटलीत ओतल्या आणि त्यांच्यामागून घरंगळत एक हळकुंड आलं. मग एक सुपारी.

शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण चष्मा वर करून बघायला लागली. ‘हे काय आहे?’

मला इतकं हसू आलं की मला ताटली खाली ठेवावी लागली. माहेरवाशिणीची ओटी भरताना तांदळात हळकुंड आणि सुपारी घालतात. माहेरहून दाणे चाललेत, घेणारी आपली लेक आहे, मग ते नुसते कसे द्यायचे? आत्याने सरकारमान्य लॅबच्या नमुन्याच्या पिशवीतून माझी ओटी भरली होती. नारळ मावला नसणार, नाहीतर तोही आला असता.

हसून झाल्यावर मी सरांकडे गेले आणि सांगितलं, की हा माझ्या आत्याचा नमुना आहे, मी करणं बरोबर नाही. सरांनी हळकुंड चिमट्याने उचललं, सुपारी उचलली, दोन्ही एका छोट्या डबीत घालून तिला चिकटपट्टी लावली. मग माझा नमुना मैत्रिणीच्या नावावर केला आणि वहीत लिहिलं: ‘नमुन्यासोबत बाह्य पदार्थ: हळकुंड एक, सुपारी एक. वेगळे ठेवले.’ त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. डबी मात्र त्यांनी नियमाप्रमाणे जपून ठेवण्याच्या नमुन्यांच्या रांगेत ठेवली.

मैत्रिणीने काम केलं. फवारणीचं औषध काही नाही. बुरशीचं विष काही नाही. पडद्यावर डोंगर सोडा, साधं वारूळसुद्धा नव्हतं. रिपोर्ट सरांच्या सहीला गेला. सर सही करता करता म्हणाले, ‘इतकं स्वच्छ बी मी आजवर पाहिलेलं नाही.’

सरांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. मी खूष होऊन परत टेबलाशी आले, खुर्चीत बसले, आणि मग ते वाक्य मला टोचायला लागलं. भांगेच्या बिया पोत्यातून येतात तेव्हा त्यात कोंडा असतो, देठाचे तुकडे असतात, फुटक्या बिया, एखादा मेलेला किडा, मातीचा खडा. या बियांत यातलं काहीही नव्हतं. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन आत्याला फोन लावला.

‘आत्या, तू त्या बिया निवडून पाठवल्यास का?’

‘मंग?’ आत्याला प्रश्नच कळला नाही. ‘न निवडता देईन का मी तुला? आमी तिघी बसलो दोन तास. चष्मे लावून. दोन वाट्या बिया, पन एक काळी बी सोडली नाय.’

‘आणि पोत्यातल्या?’

‘पोत्यातल्या पोत्यात हायेत. त्यांचं काय?’

मी शेडच्या सावलीत उभी राहिले आणि कपाळाला हात लावला. दोन वाट्या बियांचा रिपोर्ट आला होता, आणि लाडू पाच पोत्यांचे होणार होते. बुरशी पोत्यात सगळीकडे सारखी पसरत नाही. एका कोपऱ्यात जमते, फुटक्या आणि काळ्या दाण्यांत जास्त असते. आत्याने नेमके तेच दाणे वेचून काढले होते. यंत्र खोटं बोललं नव्हतं. यंत्राला जे दिलं, त्याबद्दल ते खरंच बोललं होतं.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट उघडला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरांत असते ती ओळ: हा निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे.

‘आपला कागद खरा आहे,’ सर म्हणाले. ‘पोत्यांचं तुम्ही बघा.’

खरं सांगायचं तर मला गप्प बसावंसं वाटलं. फार वाटलं. रिपोर्ट दुकानवालीकडे पोचला होता, तिने ‘छान’ म्हणून अंगठा पाठवला होता, आत्या गावात ताठ मानेने फिरत होती. लोणच्यावर हसणाऱ्यांना तिने रिपोर्टचा फोटो दाखवला होता. पोती चांगली असण्याचीही शक्यता होती. पण ते लाडू कुणाच्या तरी घरी दिवाळीच्या फराळात जाणार होते, आणि कुठल्या तरी मुलाच्या हातात आईने त्यातला एखादा पौष्टिक म्हणून दिला असता. मी शनिवारी सरांकडून पोत्यात खुपसायची पोकळ सळई मागून घेतली आणि रविवारी पोशीरला गेले.

आत्याने मला बघितलं आणि आधी जेवायला बसवलं. सळई तिने कोपऱ्यात उभी केली, छत्री ठेवतात तशी. जेवण होईपर्यंत मला काही बोलू दिलं नाही. मग मी सांगितलं, की पाठवलेला नमुना चालणार नाही, पोत्यातला जसाच्या तसा द्यायला हवा होता.

‘जसाच्या तसा म्हंजे?’

‘म्हणजे खड्यासकट. कोंड्यासकट. काळ्या बियांसकट.’

 ‘म्हंजे घान देऊ तुला?’

‘हो आत्या. घाणच दे मला. माझं काम घाण शोधायचं आहे.’

‘तुज्या सासरी काय म्हनतील?’

‘सासरी नाही गं, लॅबमध्ये!’

‘तेच की. तिथं तुजी मानसं हायेत ना? त्यांच्यासमोर माजं नाव जाईल, माजी घान जाईल?’

मी हसले, आणि तिथेच चुकले. आत्याला वाटलं मी तिला वेड्यात काढते आहे. ती उठली आणि म्हणाली, ‘मी फसवलं असं म्हनतेस ना तू? सरळ म्हन की.’ मी नाही म्हणाले, दहा वेळा नाही म्हणाले. तिने ताटं उचलली आणि मोरीवर नेऊन इतक्या जोरात घासली की गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला. मला खूप वाईट वाटलं. जिने मला दाणे निवडायला शिकवलं, तिलाच मी सांगत होते की तुझं निवडणं चुकलं.

पोती आतल्या खोलीत होती. पावसाचे शेवटचे दिवस होते आणि भिंतींना ओल धरली होती. पोत्यांभोवती मुंग्यांची पावडर टाकलीस का, एवढंच मी मोरीकडे तोंड करून विचारलं. ‘निरगुडीचा पाला घातलाय फक्त,’ असं उत्तर भांड्यांच्या आवाजातून आलं. मी सळई पहिल्या पोत्यात खुपसली, वर, मध्ये, तळाशी. ठीक. दुसरं, तिसरं ठीक. चौथं जरा कोंदट. पाचवं भिंतीला टेकलेलं होतं. सळई तळाशी गेली आणि बाहेर आली ती बियांचा घट्ट गोळा घेऊन. त्याला तो वास होता. शेंगदाण्याचा डबा पावसात उघडा राहिला की येतो तो.

मागे आत्या उभी होती. हात ओले. तिने तो गोळा माझ्या हातातून घेतला आणि नाकाशी नेला. भिंतीला टेकून पोतं ठेवायचं नाही हे तिला ठाऊक होतं. भाताचं पोतं तिने जन्मात तसं ठेवलं नसतं. पण त्या दिवशी पोती आली तेव्हा सगळ्या बायका बघायला जमल्या होत्या, भांगेच्या बिया दिसतात कशा ते. खोलीत उभं राहायला जागा नव्हती, म्हणून एक पोतं मागे सरकवलं होतं. आणि परत पुढे ओढायचं राहून गेलं.

‘लोनच्यासारखं झालं,’ ती म्हणाली.

मी म्हणाले, ‘अजून लाडू झाले नाहीत, आत्या. म्हणून लोणच्यासारखं नाही.’

पाच पोत्यांचे पाच वेगळे नमुने घेऊन मी परत आले, खड्यांसकट, कोंड्यासकट. पिशव्यांना गाठी आत्याने मारल्या, तोंड दुसरीकडे करून. तिच्या हातून ते बघवत नव्हतं. मैत्रिणीने तपासणी केली. तीन पोती पास. चौथं मर्यादेच्या जरासं वर. पाचव्याचा डोंगर बघून मैत्रीण म्हणाली, ‘हा माथेरानएवढा आहे.’

आत्याला मी फोनवर सांगितलं. तिने पाचव्याचं काय करायचं ते विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘कोंबड्यांना घालते.’ मी किंचाळले. कोंबड्याही आजारी पडतात, अंड्यातही उतरतं. ‘मंग गुरांना?’ दुधात उतरतं. ‘मंग कोनालाच नाय?’ कुणालाच नाही, खड्डा करून पुर. धान्य पुरायचं हे तिला फार जड गेलं. शेवटी तिने ते पुरलं, आणि वर तुळस लावली. का, ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तिने गटातल्या सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं. मी नव्हते, पण एकीने मला नंतर सांगितलं. आत्या उभी राहिली आणि म्हणाली, ‘पोरीनं काय बी केलं नाय. चुकी माजी हाय. मी नमुना निवडून पाठवला आन् पोतं भिताडाला लावलं. रिपोट हाय तो दोन वाट्यांचा हाय, आपल्या ऑर्डरीचा नाय.’ मग तिने सगळ्यांसमोर दुकानवालीला फोन लावला, स्पीकरवर, आणि तेच सांगितलं.  दुकानवाली म्हणाली की दसऱ्यापर्यंत थांबते, नवा रिपोर्ट आणा, कमी पोत्यांचे लाडूही चालतील. नाही आला तर दुकानाला नाइलाज आहे.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती, की तीन पोती पास आहेत, चौथं सोडून द्या, तिन्हींचे लाडू करा, प्रश्न संपला. मी ते आत्याला सांगितलंही. ती म्हणाली, ‘नाय. मी निवडून पाठवलं तेव्हा तुज्या मशिनीनं काय सांगितलं?’

‘सांगितलं की काहीच विष नाही.’

‘म्हंजे निवडलं की जातं.’

 तिचं बरोबर होतं. काळे, फुटके, सुरकुतलेले दाणे काढले की विष बरंच कमी होतं. मोठ्या कारखान्यात त्यासाठी यंत्रं असतात. मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, आणि आत्याच्या बाबतीत मला सुचलं नव्हतं. पाचव्यासारखं सडलेलं पोतं त्याने सुधारत नाही, पण चौथ्यासारखं सुधारू शकतं.

‘पण आत्या, त्या दोन वाट्या होत्या. ही चार पोती आहेत. बी मोहरीपेक्षा जरा मोठी.’

‘तू सांगितलंस नमुना पोत्यासारका पायजे,’ ती म्हणाली. ‘मी पोतं नमुन्यासारकं करते.’

अकरा बायका, चार पोती. आधी सुपात पाखडायच्या, मग परातीत पांढऱ्या फडक्यावर पसरायच्या, मग निवडायच्या. सकाळी घरचं आवरून येत, दिवेलागणीला उठत. दोघींनी कर्जतला जाऊन नवे चष्मे करून आणले. एकीच्या मानेत लचक भरली, तिला बाकीच्यांनी तेल चोळून परत बसवलं. गावातले पुरुष येता-जाता विचारायचे, ‘काय गं, चढली का?’ आणि परातीमागून त्यांना जी उत्तरं मिळायची ती इथे लिहिता येणार नाहीत. दुसऱ्या रविवारी मी गेले तेव्हा आत्याने माझ्यासमोरही एक परात सरकवली. तासाभरात माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी फक्त एक वाटी केली होती. आत्याने माझी वाटी तपासली, त्यातून तीन काळ्या बिया काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

‘कॉलेजात हेच शिकवलं का?’ ती म्हणाली.

नवा नमुना काढायला सरांनी माझ्याऐवजी मैत्रिणीला पाठवलं. ते योग्यच होतं. मी तिच्यासोबत गेले, पण दारातच थांबले. पोती खोलीच्या मधोमध होती, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. मैत्रीण सळई घेऊन प्रत्येक पोत्यात खुपसायला लागली, वर, मध्ये, तळाशी, कोपऱ्यात, जिथे कुणी बोट लावलं नसेल तिथे मुद्दाम. बायका भिंतीला टेकून रांगेत उभ्या होत्या. आत्याचे ओठ हलत होते. प्रत्येक वेळी सळई आत गेली की ती पदर तोंडाशी धरायची. नमुन्याची पिशवी बांधायची वेळ आली तेव्हा आत्या सवयीने कमरेच्या पिशवीत हात घालून सुपारी काढायला गेली. मी दारातून ‘आत्या!’ म्हणून ओरडले. सगळ्या बायका हसल्या आणि ती लाजली. मी तिला लाजताना पहिल्यांदा बघितलं.

यंत्र चाललं त्या दिवशी मला घरी बसवत नव्हतं आणि लॅबमध्येही काही करवत नव्हतं. मी कपाटातल्या पानांची वजनं दोनदा करून पाहिली. दुपारी मैत्रीण पडद्यासमोरून उठली आणि माझ्याकडे येऊन नुसती मान हलवली, वर-खाली. चारही पोती पास.  सरांनी सही केली, मग ती जपून ठेवलेली डबी उघडली आणि हळकुंड व सुपारी माझ्या हातात दिली. ‘यांचं आता काम नाही,’ ते म्हणाले. वाटलं, ते जरासे हसले. खात्री नाही.

रिपोर्ट मी स्वतः घेऊन गेले. सगळ्या अंगणात जमल्या होत्या. आत्याला इंग्रजी येत नाही, म्हणून मी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. फवारणीचं औषध नाही. बुरशीचं विष मर्यादेच्या खूप खाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि तळाशी बोट ठेवलं.

‘हे बारीक काय लिवलंय?’

‘ते काही नाही. सगळ्यांवर असतं. हा निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे.’

‘म्हंजे पोत्यांचं खरं नाय?’

‘खरं आहे. पण असं लिहायची पद्धत आहे.’

‘खोड ते.’

‘आत्या, मला खोडता येत नाही. कुणालाच येत नाही.’

‘आमी अकराजनींनी एक एक बी बघितलीय,’ ती म्हणाली. ‘मागच्या रिपोटावर ते वाक्य खरं होतं. ह्याच्यावर खोटं हाय.’

 सहा वर्षांत शेकडो रिपोर्टांवर ती ओळ मी बघितली असेल, आणि कुणी तिच्यामुळे दुखावेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.  आत्याने शेवटच्या ओळीवर आपला अंगठा ठेवला. दोन आठवडे बिया वेचून त्याचं नख झिजलं होतं आणि कड हिरवट झाली होती. ओळ पूर्ण झाकली गेली याची तिने खात्री करून घेतली, आणि तसाच धरलेला कागद ती एकेकीसमोर नेऊन दाखवायला लागली.